एकेरीतला माणूस

या माणसाबद्दल लिहिताना मी 'तो' असं लिहिणार आहे. वयाने तो माझ्या वडिलांच्या बरोबरीचा, त्यामुळे काही जणांच्या भुवया वर जातील. जाऊ द्यात. मी 'ते' लिहिलं असतं तर त्याने स्वतः पेन घेऊन खोडलं असतं आणि वर विचारलं असतं, "आल्झो, मी एकटाच आहे ना इथे? मग हे बाकीचे कोण?"

'आल्झो' हा जर्मन शब्द, आपल्या 'तर मग'सारखा. त्याचं प्रत्येक वाक्य या शब्दाने सुरू व्हायचं, म्हणून मुलांनी त्याचं नावच आल्झो ठेवलं होतं. लांबवून म्हटला की कामाला लागा, तोडून म्हटला की पुरे झालं, आणि नाकातून म्हटला की समोरच्याने आपली गाडी कुठे लावली आहे ते आठवावं आणि निघावं.

साठच्या दशकात तो जर्मनीत आला आणि निवृत्त होईपर्यंत र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. बायको जर्मन, नर्स. मुलंबाळं नाहीत. आणि दर उन्हाळ्यात दोन आठवडे तो कायझर्सलाउटर्नच्या पलीकडच्या जंगलात मराठी मुलांचा कॅम्प चालवायचा. लाकूडतोड्यांसाठी बांधलेलं एक जुनं दुमजली घर त्याने तिथल्या गावाकडून भाड्याने घेतलं होतं. खाली स्वयंपाकघर आणि सामानाची खोली, वर मुलांच्या खाटा, जवळच पोहायला तळं. खो-खोचे खांब म्हणजे जंगलातली खरी झाडं. बायको कॅम्पला कधीच फिरकली नाही. "वर्षभर सांभाळते. हे दोन आठवडे माझी सुट्टी असते," असं ती मला एकदा फोनवर म्हणाली होती.

आम्ही नव्वदच्या दशकात वाल्डॉर्फला आलो. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरमधले. आमच्या दोन्ही मुलांना मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. "जेवलास का?" म्हटलं की जर्मन "या", म्हणजे हो. "काय जेवलास?" म्हटलं की एक लांबलचक जर्मन वाक्य. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी कॅम्प सुचवला.

पहिल्यांदा मुलांना सोडायला गेलो तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईही गाडीत होत्या. मी नेहमीप्रमाणे यादी करून नेली होती : मुलांच्या ॲलर्जी, झोपायच्या वेळा, न आवडणाऱ्या भाज्या, तातडीचे फोन नंबर. दारात एक उंच, लुकडा माणूस उभा होता. अंगात कारखान्यातला निळा डगला, डगल्याच्या खिशात पाणसळ, गवंडी सपाटी बघायला वापरतात ती.

"आलीस?" तो मला म्हणाला, जसं काही आम्ही एका बाकावर बसून शाळा शिकलो होतो. मग त्याने यादी वाचली. "आल्झो, ही मुलांची आहे की मांजरांची?"

मी काही बोलायच्या आत त्याने यादीची घडी घातली, अंगणातल्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवली आणि वर पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. "चांगली आहे तुझी यादी," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी 'यादी' झाले. "यादी, इकडे ये", "यादी, तुझा नवरा कुठाय?" कॅम्पची सगळी मुलंही मला तेच म्हणायला लागली.

नंतर तो सासूबाईंकडे वळला. "तू बस. दमलीस ना? चहा घेशील?"

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पोस्टमनसुद्धा वाकून पत्र द्यायचा. त्या ताठ उभ्या राहिल्या. "मला तू म्हणणारी माणसं आता राहिली नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग कोणीतरी म्हणायला नको? मी म्हणतो. तूही मला म्हण."

"मी आमच्या यांना जन्मात कधी तू म्हटलं नाही, मग तुला कशाला म्हणू?"

"झालं की!" तो म्हणाला आणि चहा ठेवायला आत गेला.

सासूबाईंनी जीभ चावली. परतीच्या वाटेवर हायडलबर्ग आलं. मग म्हणाल्या, "उद्धट आहे मेला. चहा मात्र बरा करतो." पुढे दरवर्षी पुण्याहून फोनवर त्या न चुकता विचारायच्या, "तो मेला कसा आहे गं?"

मराठीबद्दल त्याची एक पक्की उपपत्ती होती. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या डोक्यात मराठी बसवायची तर तिचे जास्तीचे सुटे भाग काढून टाकायला हवेत. तीन लिंगं त्याने ठेवली होती, कारण जर्मनमध्येही तीन आहेत, मुलांना सवय असते. पण 'अहो', 'तुम्ही', 'आपण बसावं' हे सगळं त्याने भंगारात काढलं होतं. "एकच माणूस समोर असताना अनेक आहेत असं दाखवायचं, हे मोजमापात बसत नाही," तो म्हणायचा. "आणि मला शिकवायला मिळतात दोन आठवडे. त्यात मी भाजी चिरायला शिकवू, पोहायला शिकवू, की एका माणसाला अनेकवचन लावायला?"

कॅम्पच्या दारात शिरलं की सगळे तू. मुलं त्याला तू म्हणायची, तो आईबापांना तू म्हणायचा, मुलं आईबापांच्या मित्रांनाही तू म्हणायची. काका, मावशी यांनाही बंदी होती. परिणाम असा की जर्मनीत मराठी मुलांची एक अख्खी पिढी तयार झाली, जी मराठी बोलायची, बऱ्यापैकी बोलायची, पण फक्त एकेरीत. सुट्टीत भारतात गेली की ही मुलं निवृत्त न्यायाधीश असलेल्या आजोबांना सांगायची, "तू जरा थांब, मी बोलतोय." एकाने सांगलीला साखरपुड्यात भावी सासऱ्यांना पाठीवर थाप मारून विचारलं होतं, "जेवलास का रे?" लग्न झालं, पण वर्षभर उशिरा.

पालक तक्रार घेऊन यायचे. तो शांतपणे ऐकून घ्यायचा. "मुलगा मराठीत बोलला ना? आजोबाला कळलं ना?"

"कळलं, म्हणून तर चिडले!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे माझं काम झालं. चिडायचं काम त्याचं."

हे वेड आलं कुठून, याची त्याने मला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी कारणं सांगितली. त्यातलं एक मला खरं वाटतं. कारखान्यात तो नवा असताना त्याचा फोरमन जर्मन इंजिनिअरांना आदराने 'झी' म्हणायचा आणि याला 'डू', म्हणजे तू. मग यानेही फोरमनला डू म्हणायला सुरुवात केली. फोरमन भडकला. "मी म्हटलं, माफ कर, मला वाटलं आपण मित्र आहोत म्हणून तू तसं बोलतोस," हे सांगताना तो हसत होता, पण बटाटा सोलायचं थांबला होता.

दोन हजारनंतरच्या एका शरद ऋतूत बाउआम्टचं, म्हणजे तिथल्या बांधकाम खात्याचं, पत्र आलं. वरच्या मजल्यावर मुलं झोपतात आणि उतरायला एकच लाकडी जिना आहे. आग लागली तर सुटकेचा दुसरा मार्ग नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाहेरून लोखंडी जिना बसवा, नाहीतर त्या घरात कोणालाही झोपता येणार नाही. गावानेही कळवून टाकलं, की कॅम्प होणार नसेल तर घर विकू, सुट्टीत भाड्याने द्यायचे फ्लॅट्स काढायला एक गिऱ्हाईक तयारच आहे. थोडक्यात, जिना नाही तर कॅम्प नाही.

तोपर्यंत कॅम्पच्या संस्थेची सेक्रेटरी मी झाले होते, कारण याद्या करणाऱ्या माणसाचं असंच होतं. मी आल्झोला पत्र वाचून दाखवलं.

"दुसरा मार्ग आहे की," तो म्हणाला. "मुलं रोज खिडकीतून उतरतात. मी पाहिलंय."

"हे त्यांना सांगू नकोस."

त्याने त्यांना सांगितलं. बाउआम्टच्या पुढच्या पत्रात खिडक्यांचाही मुद्दा आला.

मी कामाला लागले. कॅम्पमधून वाढून बाहेर पडलेल्यांना आम्ही जर्मन शब्दाने 'एहेमालिगे' म्हणायचो, म्हणजे माजी. आता ती तिशीतली माणसं होती. त्यांची पुढारी मीनल, मानहाइमची कान-नाक-घशाची डॉक्टर, जर्मनीतच जन्मलेली. सातव्या वर्षापासून सगळे उन्हाळे तिने त्या घरात काढले होते. तिने एकेकाला फोन केले आणि माणसं येऊ लागली. कोणी वकील, कोणी बँकेत, एक जण पुलांची गणितं करणारा. दर शनिवारी घराच्या मागची काटेरी झुडपं उपटणं, जिन्याच्या पायासाठी खड्डे खणणं, सडलेल्या फळ्या काढणं चालू झालं. मी कामाच्या याद्या भिंतीवर लावायचे. आल्झो त्या वाचायचा नाही. तो अंगणात सगळ्यांना रांगेत उभं करायचा, पूर्वीसारखी नखं तपासायचा आणि पूर्वीसारखीच कामं वाटायचा. "तू लाकडं आण. तू खण. तू रडका आहेस, तू आत जाऊन कांदे चीर, कोणाला कळणार नाही." हा रडका फ्रांकफुर्टच्या एका बँकेत पन्नास माणसांचा साहेब होता. तो आत जाऊन कांदे चिरायचा.

अंगमेहनत मिळत होती, पण लोखंडी जिना घामातून ओतता येत नाही. अशात हायडलबर्गला मुलीकडे आलेले एक कारखानदार आणि त्यांच्या पत्नी आम्हाला भेटले. पुण्याकडे त्यांचे मोटारींचे सुटे भाग बनवायचे कारखाने होते. घर पाहायची त्यांनी इच्छा दाखवली. आवडलं तर अख्खा जिना माझ्यातर्फे, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं. घरातली, कारखान्यातली, गावातली सगळी माणसं त्यांना साहेब म्हणायची. माझ्या लगेच लक्षात आलं की धोका कुठे आहे.

आल्झोला मी सकाळपासून तळ्याकडे पाठवून दिलं, बांधावरचे दगड लावायला. एहेमालिगेंना गोळा करून बजावलं, "आज तू नाही. साहेबांशी आदराने बोलायचं. जर्मनमध्ये झी म्हणता ना, तसं."

"क्लार," मीनल म्हणाली. "झी. कळलं."

तिला खरंच कळलं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे आदराचं 'तुम्ही', आणि 'झी' म्हणजेच 'ते लोक'. उच्चार एक, क्रियापद एक. मीनलच्या मराठीत एका माणसाला 'तुम्ही' ही सोयच नव्हती, 'तुम्ही' म्हणजे समोरची टोळी. तिने आपल्या हुशारीने झीचा अर्थ लावला. साहेब अंगणातल्या खुर्चीत बसले, शेजारी पत्नी बसल्या. मीनल ट्रे घेऊन आली, साहेबांकडे पाहून गोड हसली आणि अत्यंत आदराने विचारलं :

"ते चहा घेणार का?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे झाड होतं.

पत्नींना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. नवऱ्याबद्दल त्या जन्मभर असंच बोलत आल्या होत्या. "घेतील की," त्या म्हणाल्या.

"त्यांना साखर किती?"

"बिनसाखरेचा दे. डायबेटिस आहे त्यांना."

"ओ. कधीपासून आहे त्यांना?" मीनलमधली डॉक्टर जागी झाली. "ते गोळ्या वेळेवर घेतात का?"

"कसल्या घेतात! मी मागे लागते तेव्हा घेतात. आणि रात्री घोरतात किती!"

"घोरतात?" हा तर मीनलचाच विषय. ती साहेबांच्या नाकाकडे वाकून बघायला लागली. "ते तोंड उघडं ठेवून झोपतात का?"

मी लांबून खुणा करत होते. बाकीचे एहेमालिगे कौतुकाने बघत होते, की हिला झी किती छान जमलंय. साहेबांचा चेहरा लाल होत गेला. शेवटी त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मी इथे बसलोय!"

त्याच क्षणी तळ्याकडून आल्झो आला. ढोपरापर्यंत चिखल. त्याने साहेबांकडे पाहिलं, मीनलकडे पाहिलं, आणि परिस्थिती सावरायला धावला. "आल्झो, चिडू नकोस रे. ती तुलाच विचारतेय. तू घोरतोस का?"

साहेब उठले. गाडीकडे चालत गेले ते परत वळून न बघता. पत्नींनी मात्र बसून चहा संपवला. निघताना त्यांनी मीनलच्या गालाला हात लावला. "सगळीकडे लोक मला सोडून यांना विचारतात," त्या म्हणाल्या. "आज यांना सोडून मला विचारत होते. बरं वाटलं गं." गाडीत हॉर्न वाजत होता.

जिना त्या गाडीतून गेला. मी आल्झोवर एवढी ओरडले की खड्ड्यातली माणसं खणायची थांबली. "तुझ्या तू-तू पायी कॅम्प बंद पडणार आहे! दोन आठवडे मुलांना एक शब्द जास्त शिकवला असतास तर काय बिघडलं असतं?"

तो पाणसळ काढून उगाच खुर्चीच्या हातावर ठेवून बघत बसला.

उत्तर मीनलने दिलं. तिला आपण नक्की काय केलं ते एव्हाना कळलं होतं आणि तिचे कान लाल झाले होते. "यादी, ऐक," ती म्हणाली. "माझ्या हॉस्पिटलमध्ये मी सगळ्यांना झी म्हणते. शेजाऱ्याला झी, मुलाच्या टीचरला झी. मला जगात एवढीच एक जागा आहे, जिथे म्हातारा असो, लहान असो, मी कोणाशीही सरळ बोलू शकते. आम्ही बघतो जिन्याचं. तू फक्त ओरडू नकोस."

आणि त्यांनी बघितलं. प्रत्येकाने आपल्याला जड होईल इतके पैसे दिले, मग ज्यांना मी यादीत 'पत्ता नाही' म्हणून खोडलं होतं त्यांना शोधून त्यांच्याकडूनही घेतले. पुलांच्या गणितवाल्याने आराखडा फुकट केला. गावातल्या लोहाराने जिना स्वस्तात बनवायचं कबूल केलं, एका अटीवर : हा निळ्या डगल्यातला म्हातारा त्याच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकणार नाही. बसवायला आम्ही सगळे होतो. वसंत संपता संपता घराच्या मागच्या अंगाला चकचकीत जिना उभा राहिला. जाळीच्या पायऱ्या, म्हणजे पाणी साचत नाही आणि बर्फ धरत नाही.

तपासणीला बाउआम्टचा अधिकारी आला. नीटनेटका, सभ्य माणूस. आल्झोने त्यालाही डूच म्हटलं. जर्मनीत अधिकाऱ्याला असं म्हणणं म्हणजे त्याची टोपी उडवण्यासारखं, पण त्याने बहुधा परदेशी माणसाचं व्याकरण कच्चं आहे असं समजून सोडून दिलं. चाळीस वर्षांत त्या व्याकरणात एक चूक नव्हती.

अधिकाऱ्याने वेल्डिंग पाहिलं, कठडा हलवून पाहिला आणि म्हणाला, आता वरून सगळ्यांनी बाहेर पडून दाखवा. मुलांबरोबर वर झोपणारी जबाबदार व्यक्ती सर्वांत शेवटी उतरेल. जबाबदार व्यक्ती अर्थातच आल्झो. वरच्या कोपऱ्यातली खाट कायम त्याचीच.

एहेमालिगे आणि त्यांची मुलं धडाधड उतरून आली. वरून त्याचा आवाज येत होता, "पळ! ढकलू नकोस! आल्झो, पुढचा!" मग तो स्वतः दारात आला. एक पाय पायरीवर ठेवला. जाळीतून खालचं गवत दिसलं असणार. पाय परत घेतला. वाकून पायरीवर पाणसळ ठेवली. पायरी सरळ होती. पाणसळ खिशात गेली, तो मात्र जागचा हलला नाही.

"आल्झो," तो म्हणाला. या शब्दाचा हा सूर मी कधी ऐकला नव्हता.

त्याला उंचीची भीती वाटते हे कोणालाच माहीत नव्हतं. आतला जिना लाकडी होता आणि त्यातून आरपार दिसत नव्हतं, एवढाच काय तो फरक. मीनल वर गेली. "खाली बस," ती म्हणाली. "बसून उतर. माझ्याकडे बघ." ती उलटी, एकेक पायरी, आणि तिच्या समोर तो, रांगायला न येणाऱ्या बाळासारखा बुडावर सरकत. अंगणात कोणी हूं की चूं केलं नाही.

"हसा की!" जमिनीवर आल्यावर तो ओरडला. मग सगळे हसले.

अधिकारी हसला नाही. त्याने कागद भरला. घर पास होतं. पण या गृहस्थांना वर झोपता येणार नाही, दुसरी जबाबदार व्यक्ती लागेल. खाली झोपता येईल का? नाही, खालच्या खोल्या झोपायच्या नाहीत. म्हणजे थोडक्यात, कॅम्प वाचला होता आणि त्यात आल्झोला जागा नव्हती. मीनल काही बोलायला गेली. त्याने हाताने थांबवलं.

"घर पास ना?" त्याने अधिकाऱ्याला विचारलं.

"हो."

"जबाबदार ही." त्याने मीनलकडे बोट दाखवलं. मीनलने मान खाली घातली. तो घराकडे बघत राहिला, मग जिन्याकडे, मग घरासमोरच्या हिरवळीकडे. तिथे तो बराच वेळ बघत होता. "आल्झो," तो म्हणाला, आणि यावेळी सूर ओळखीचा होता. "एक सांग मला. तंबूला सुटकेचे किती मार्ग लागतात?"

अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "तंबू," तो म्हणाला, "आमच्या खात्यात येत नाहीत."

त्या उन्हाळ्यात कॅम्पच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीनलचा फोन आला. गावातल्या बेकरीतून करत होती, जंगलात रेंज नव्हती.

"यादी, तू आत्ताच्या आत्ता तंबू शोध. मिळतील तेवढे."

"का? त्याच्याकडे आहे ना?"

"आधी दोन पोरं त्याच्या तंबूत गेली, म्हातारा एकटा घाबरेल म्हणून. मग आणखी चार. मग सगळी. अर्धी उघड्यावर झोपली, ओल्या गवतात! वरती एक जण यायला तयार नाही. म्हणतात, आम्ही त्याच्याबरोबर."

"आणि तो काय म्हणतो?"

"म्हणतो, जिना उत्तम झालाय, टॉवेल लवकर वाळतात."

मी पेन काढलं. "बरं, मग वरच्या मजल्यावर आत्ता कोण आहे?"

"मी," मीनल म्हणाली. "तेवीस खाटा, दोन जिने आणि मी."